प्रोसेसर थंड, तरीही गेम बंद

ओव्हरक्लॉक केलेला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला संगणक क्रॅश व्हायला लागला की दोष नेमका कशात आहे हे शोधणं तसंही किचकट असतं. त्यात वेगळं ग्राफिक कार्ड नसेल आणि चित्राचा सगळा भार प्रोसेसरच्या आतल्याच ग्राफिक्सवर असेल, तर गुंता आणखी वाढतो. कार्ड असलं की त्याची मेमरी वेगळी, वीज वेगळी, पंखाही वेगळा. संशय आला तर कार्ड उपसून बाजूला ठेवायचं आणि बघायचं. इथे उपसायला काही नसतंच. मे महिन्यात जळगावला ताईकडे गेलो होतो, तेव्हा भाच्याच्या संगणकावर ही सगळी शोधाशोध केली. ती जशी झाली तशी लिहितो आहे, कारण या जातीची यंत्रं आपल्याकडे पुष्कळ घरांत आहेत आणि त्यांच्या दुखण्याची उत्तरं बहुतेक वेळा कार्डवाल्या यंत्रांच्या अनुभवावरून दिली जातात.

यंत्र असं: रायझन ५ ५६००जी, बी४५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, आठ जीबीच्या दोन रॅम पट्ट्या. हा प्रोसेसर २०२१ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आला. तेव्हा ग्राफिक कार्डांचे भाव असे चढले होते की कॉलेजच्या पोरांनी कार्डाचा नाद सोडून असे ऑनबोर्ड ग्राफिक्सवाले प्रोसेसर घेतले. सहा कोर (हिशेब करणारे भाग), बारा थ्रेड (एकेक कोर एका वेळी दोन कामं धरतो), आणि आत व्हेगा ७ नावाचं ग्राफिक्स. त्याचा कंपनीने ठरवलेला वेग १९०० मेगाहर्ट्झ. भाच्याने तो २३०० वर नेला होता. रॅम ३६०० वेगाची होती, ती ३८०० वर. शिवाय प्रोसेसरला कमी व्होल्टेजमध्ये पळवण्यासाठी कर्व्ह ऑप्टिमायझर नावाचं जे सेटिंग असतं, ते सरसकट सगळ्या कोरना उणे ३० वर. डब्यातून आलेला बुटका पंखा काढून त्याने मोठा टॉवर कूलरही बसवला होता. हे सगळं त्याने जानेवारीत केलं. महिनाभर तासन्‌तास गेम खेळून पाहिला, काही बिघडलं नाही. एप्रिलपासून मात्र यंत्राने दम सोडला.

“मामा, टेम्परेचर तर सत्तरच्या वर जातच नाही. मग बंद का पडतो?” हा त्याचा प्रश्न होता आणि प्रश्न अगदी रास्त होता. त्या प्रोसेसरची तापमानाची मर्यादा ९५ अंश आहे. भर उन्हाळ्यात गेम चालू असताना ६८-७० दिसत असेल तर प्रोसेसरला उष्णतेचा त्रास आहे असं कुणीच म्हणणार नाही. दुकानदाराने एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, बदलायला सांगितला होता. तोही बदलून झाला होता. फरक शून्य.

मी आधी त्याला एवढंच विचारलं की बंद पडतो म्हणजे नक्की काय होतं, ते प्रत्येक वेळचं वेगवेगळं सांग. लोक सरसकट ‘क्रॅश’ म्हणतात, पण त्या एका शब्दात चार-पाच निरनिराळ्या गोष्टी येतात. निळी स्क्रीन येऊन थांबणं वेगळं. स्क्रीन गोठून आवाज एकाच सुरात घर्रर्र करत राहणं वेगळं. क्षणभर काळोख होऊन पुन्हा चित्र परत येणं वेगळं. आणि काही न सांगता थेट रीस्टार्ट होणं अगदीच वेगळं. बोलता बोलता दोन प्रकार बाहेर आले. एक म्हणजे गेम सुरू करून वीस-पंचवीस मिनिटं झाली की चित्र अडखळतं, कधी हिरवे-गुलाबी चौकोन उमटतात, मग स्क्रीन गोठते. दुसरा म्हणजे काहीच चालू नसताना, पीडीएफ वाचत असताना किंवा नुसता डेस्कटॉप उघडा असताना, यंत्र खाडकन रीस्टार्ट होतं. भाचा या दोन्हींना एकच आजार समजत होता. मला तिथेच वाटलं की हे दोन निराळे दोष असावेत. भार असताना पडणारं यंत्र आणि आरामात असताना पडणारं यंत्र यांची कारणं सहसा एक नसतात.

मग पुरावे. विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर नावाची एक खिडकी असते, तिथे तारीखवार लाल फुल्या दिसतात. कुठल्या दिवशी काय पडलं याचा आढावा घ्यायला तिच्याइतकी सोपी जागा नाही. तपशील मात्र इव्हेंट व्ह्यूअरमध्ये. तिथे सगळ्यात जास्त नोंदी होत्या कर्नल-पॉवर ४१ च्या. ही नोंद पाहून पुष्कळ जण एसएमपीएस बदलतात, कारण नावात ‘पॉवर’ आहे. पण ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. का झालं नव्हतं, हे तिला ठाऊक नसतं. खरी माहिती तिच्या आजूबाजूला असते. निवांत असताना झालेल्या रीस्टार्टच्या सोबत डब्ल्यूएचईए लॉगरची १८ क्रमांकाची नोंद होती, म्हणजे प्रोसेसरने स्वतःच कळवलेली गंभीर हार्डवेअर चूक. गेमच्या वेळच्या प्रकारांत ती नव्हती. तिथे डिस्प्लेची ४१०१ होती, ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो सावरला’ अशा अर्थाची, आणि काही ठिकाणी व्हिडिओ टीडीआर फेल्युअरची निळी स्क्रीन. ग्राफिक्सने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज त्याला पुन्हा सुरू करून बघतं. जमलं तर ४१०१, नाही जमलं तर निळी स्क्रीन. दोन ढीग असे स्वच्छ वेगळे झाले आणि माझं निम्मं काम सोपं झालं.

पुढची पायरी कुणालाच आवडत नाही. सगळं मूळ सेटिंगवर आणायचं. “मामा, मग फ्रेम कमी होतील ना,” असं तो म्हणालाच. फ्रेम म्हणजे गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं. पण मूळ सेटिंगवर यंत्र पडतं की नाही हे कळल्याशिवाय पुढचं प्रत्येक अनुमान हवेत राहतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला, कारण एकदा डिफॉल्ट लोड केलं की पंख्यांच्या वेगापासून बूटच्या क्रमापर्यंत सगळं पुसलं जातं. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आणखी एक काळजी घ्यायची. बायोसमधला एफटीपीएम (कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) बंद-चालू झाला की विंडोज रिकव्हरी की मागतं, ती आधी लिहून ठेवायची. इथे ती भानगड नव्हती, तरी मी तपासून घेतलं.

मूळ सेटिंगवर यंत्र पडलं नाही. दुपारी नाही, रात्री नाही. गेममध्येही नाही. यातून विंडोज, ड्रायव्हर, हार्ड डिस्क यांच्यावरचा संशय बराचसा उतरला. एसएमपीएसवरचा पूर्ण उतरला असं म्हणता येत नव्हतं, कारण मूळ सेटिंगवर यंत्र वीजही कमी ओढतं. पण ६५ वॉट वर्गाच्या या प्रोसेसरला मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त ८८ वॉट ओढण्याची मुभा असते. ओव्हरक्लॉकचा भार धरला तरी ग्राफिक कार्ड नसलेल्या यंत्राला साडेचारशे वॉटचा एसएमपीएस भरपूर झाला. शिवाय तो नवा होता.

आता एकेक गोष्ट परत चढवायची, आणि एका वेळी एकच. यात घाई केली की आधीचा सगळा वेळ पाण्यात जातो.

पहिल्यांदा निवांत असतानाचं दुखणं घेतलं, कारण त्याचा धागा हातात होता. कर्व्ह ऑप्टिमायझर म्हणजे प्रोसेसरच्या प्रत्येक कोरला सांगणं की अमुक वेगाला कंपनीने जेवढं व्होल्टेज ठरवलंय, त्यापेक्षा थोडं कमी घे. कमी व्होल्टेज म्हणजे कमी उष्णता, आणि उष्णता कमी म्हणून वेग जास्त वेळ टिकतो. कल्पना उत्तम आहे आणि मी स्वतः ती वापरतो. पण सगळे कोर सारखे नसतात. एकाच चिपवरचा एक कोर उणे ३० आरामात पेलतो, शेजारचा उणे २० लाच दम टाकतो. आणि गंमतीचा भाग असा की हा दोष जड कामात दिसत नाही. सगळे कोर एकदम राबत असतात तेव्हा प्रत्येकाचा वेग थोडा खाली असतो. यंत्र जवळजवळ रिकामं असतं तेव्हा एखादं फुटकळ काम एकाच कोरवर येतं, तो कोर क्षणभर थेट वरच्या टोकाला, या प्रोसेसरच्या बाबतीत ४.४ गिगाहर्ट्झच्या आसपास उडी मारतो, आणि नेमकं त्याच क्षणी व्होल्टेज अपुरं पडतं. म्हणून पीडीएफ वाचताना रीस्टार्ट.

डब्ल्यूएचईएच्या नोंदीत प्रोसेसर एपीआयसी आयडी नावाचा एक आकडा असतो. एका कोरचे दोन थ्रेड असल्यामुळे त्याला दोनने भागलं की कुठला कोर कुरकुरतोय याचा अंदाज येतो. बहुतेक नोंदी एकाच कोरकडे बोट दाखवत होत्या. खात्री करायला कोरसायकलर लावला. हा प्रोग्राम एका वेळी एकाच कोरवर भार टाकतो, ठरावीक मिनिटांनी पुढच्या कोरवर जातो आणि चूक झाली की कोरचा क्रमांक लिहून ठेवतो. हलका, एसएसई प्रकारचा भार निवडायचा, म्हणजे कोर जास्तीत जास्त वेगाला जातो. रात्री लावून झोपलो. सकाळी त्याच कोरसमोर चूक नोंदलेली. त्या एका कोरला उणे १२ वर आणलं, बाकीच्यांना सावधगिरी म्हणून उणे २०, आणि पुन्हा रात्रभर चालवलं. नोंद कोरी. त्यानंतर निवांत असताना यंत्र पडल्याचं एकदाही दिसलं नाही. हा अध्याय इथे संपला.

गेमचं दुखणं मात्र जास्त खोल होतं.

रॅमवर माझा पहिला संशय. ऑनबोर्ड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते मुख्य रॅममधलाच तुकडा वापरतं. भाच्याने बायोसमध्ये दोन जीबी ग्राफिक्ससाठी राखून ठेवले होते. गेममधली भिंत, झाड, माणसाचा चेहरा, हे सगळं याच रॅममध्ये पडलेलं असतं. तिथे एखादा बिट उलटा झाला तर एरवी विंडोज पडेल, पण तो चित्राच्या तुकड्यात असेल तर स्क्रीनवर रंगीत चौकोन दिसेल. हिरवे-गुलाबी चौकोन रॅमच्या चुकीशी अगदी जुळत होते. रॅम ३८०० वर नेली, फॅब्रिकचा, म्हणजे प्रोसेसरच्या आतले भाग जोडणाऱ्या वाटेचा, वेग १९०० ठेवला, ग्राफिक्स मात्र मूळ १९०० वरच. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून सुरू केला. विनामूल्य आवृत्तीत चार फेऱ्या होतात, त्या चारही निर्दोष. त्याच सेटिंगवर गेमही चालला.

मग उलटं. रॅम तिच्या नेहमीच्या ३६०० वर, ग्राफिक्स २३०० वर. ग्राफिक्सवर भार टाकणारा फरमार्क लावला. तासभर फिरला, काही झालं नाही. गेमही चालला.

म्हणजे रॅम एकटी पास, ग्राफिक्स एकटं पास. दोन्ही एकत्र केले आणि गेम लावला, तर अर्ध्या तासाच्या आत चौकोन आले आणि स्क्रीन गोठली.

इथे बहुतेक जण हात टेकतात, कारण वेगवेगळ्या चाचण्यांत सगळंच निर्दोष दिसतं. पण या प्रोसेसरची रचना लक्षात घेतली की उलगडा व्हायला लागतो. प्रोसेसरला मदरबोर्डवरून मुख्यतः दोन वाटांनी वीज मिळते. एक वाट कोरसाठी, दुसरी एसओसी नावाची. या दुसऱ्या वाटेवर रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर आहे, फॅब्रिक आहे आणि आतलं ग्राफिक्सही तिच्यावरच आहे. ग्राफिक कार्ड लावलेल्या यंत्रात एसओसीच्या वाटेवर ग्राफिक्सचं ओझं नसतंच, म्हणून तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. इथे सगळ्यात जड ओझं तिच्यावरच येतं. एकाच नळावर दोन घरं असावीत आणि खालच्या घराने मोटर लावली की वरच्याचं पाणी बारीक व्हावं, तसा हा प्रकार. ग्राफिक्सने वीज ओढली की व्होल्टेज किंचित खाली येतं आणि ३८०० वर धावणाऱ्या मेमरी कंट्रोलरला तेवढी घट सोसत नाही. मेमटेस्ट८६ चालू असताना ग्राफिक्स जवळजवळ झोपलेलं असतं, म्हणून तो पास. फरमार्क मुख्यतः ग्राफिक्सच्या शेडरना, म्हणजे चित्राचे हिशेब करणाऱ्या भागांना, घाम फोडतो, आणि तेव्हा रॅम सवयीच्या वेगावर होती, म्हणून तोही पास.

म्हणून दोघांना एकाच वेळी राबवणारी चाचणी केली. एका खिडकीत ओसीसीटीची मेमरी चाचणी, रॅमचा साठ टक्के भाग देऊन. शेजारी ग्राफिक्सची चाचणी घेणारा युनिजिन हेवन, त्यातली ती तरंगती बेटं आणि ड्रॅगनचा पुतळा असलेलं गाव. तिसऱ्या कोपऱ्यात यंत्राच्या आतले आकडे दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो६४, त्यात एसओसी व्होल्टेजची एसव्हीआय२ टीएफएन ही ओळ. ती ओळ बायोसमध्ये लिहिलेला आकडा दाखवत नाही, प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज दाखवते. भाच्याने १.२ व्होल्ट दिले होते. सुरुवातीला भाराखाली १.१७ च्या आसपास आकडा हलत होता. दहा मिनिटांनी १.१६. मग हळूहळू १.१५, मधूनच १.१४. वीस मिनिटं उलटल्यावर ओसीसीटीच्या चुकांच्या रकान्यात शून्याचा एक झाला, पाठोपाठ तीन, मग सात. त्याच सुमारास ड्रॅगनच्या मानेवर एक गुलाबी चौकोन चिकटला आणि कॅमेरा फिरला तरी तिथेच राहिला. मग स्क्रीन गोठली.

या सगळ्यात माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट होती ती वीस मिनिटं. व्होल्टेज नुसतंच कमी असतं तर यंत्र पहिल्या मिनिटाला पडायला हवं होतं. वेळ घेऊन पडतं म्हणजे काहीतरी तापतंय. प्रोसेसर तर नाही, तो ६९ वर होता. तापत होता तो मदरबोर्ड.

प्रोसेसरच्या सॉकेटभोवती जे चौकोनी राखाडी ठोकळे आणि चपट्या काळ्या चिपा असतात, तो व्हीआरएम, म्हणजे बारा व्होल्टचे एक-सव्वा व्होल्ट करून देणारा भाग. स्वस्त मदरबोर्डांवर कोरच्या वाटेच्या चिपांवर ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतो आणि एसओसीच्या वाटेच्या चिपा बहुधा उघड्याच असतात, सॉकेटच्या वरच्या अंगाला. इथेही तसंच होतं. डब्यातून येणारा बुटका पंखा हवा खाली मारतो. ती हवा प्रोसेसरच्या हीटसिंकमधून जाऊन बोर्डावर आपटते आणि चहूबाजूंनी पसरताना या चिपांवरूनही जाते. टॉवर कूलर हवा आडवी मारतो, समोरून मागे. प्रोसेसर त्याच्यामुळे छान थंड राहतो, पण बोर्डाला लागणारी हवा जवळजवळ बंद होते. भाच्याने मोठा कूलर बसवला त्या दिवसापासून एसओसीच्या चिपांना वाराच नव्हता. जानेवारीत जळगावच्या रात्री गारठलेल्या असतात, तेव्हा खोलीतली हवाच थंड होती आणि निभावून गेलं. मेमध्ये बाहेर ४३, खोलीत ३६, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. थंडीत पास झालेलं सेटिंग उन्हाळ्यात नापास होणारच होतं.

त्या बोर्डावर एसओसीच्या बाजूचं तापमान दाखवणारा सेन्सर नव्हता. म्हणून ताईच्या शेजारी एसी दुरुस्तीचं काम करणारे एक गृहस्थ राहतात, त्यांच्याकडून इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. त्याने चकचकीत धातूवर मोजलं तर आकडा खोटा, कमीच येतो. त्यामुळे चिपांच्या काळ्या प्लॅस्टिकवर नेम धरायचा आणि ठोकळ्यांवर काळ्या इन्सुलेशन टेपचा बारीक तुकडा चिकटवून मग मोजायचं. शिवाय यंत्र हातभर लांबून धरलं तर ते आजूबाजूच्या जागेचीही सरासरी काढतं, अगदी जवळ न्यावं लागतं. चाचणी वीस मिनिटं चालवून कॅबिनेटचं झाकण काढल्या काढल्या मोजलं. कोरच्या बाजूचा हीटसिंक ६६. एसओसीच्या चिपा १०४. भाचा दोनदा मोजून बघत होता, कारण त्यापासून चार बोटांवरचा प्रोसेसर सत्तरच्या आत होता.

अशा चिपा शंभर अंशांना लगेच जळत नाहीत, त्या त्याहून जास्त सोसतात. पण तापल्या की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, रोध वाढला की त्याच करंटला आणखी उष्णता होते, आणि पलीकडे पोचणारं व्होल्टेज सैल पडतं. एचडब्ल्यूइन्फोच्या ओळीत मिनिटामिनिटाला जी उतरण दिसली, ती याच्याशी जुळत होती. पण जुळणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. म्हणून झाकण उघडंच ठेवून खोलीतला टेबल फॅन स्टुलावर चढवला आणि थेट सॉकेटच्या वरच्या भागावर रोखला. सेटिंग तेच, रॅम ३८००, ग्राफिक्स २३००, व्होल्टेज तेच. वीस मिनिटं गेली, तास गेला. चुकांचा रकाना शून्य. टेबल फॅन बंद केला आणि पुठ्ठा लावून हवा अडवली, तर थोड्या वेळाने चुका परत सुरू. फॅन चालू केला, यंत्र सावरलं. ‘हवा दिली की बरं, हवा काढली की आजारी’ हे असं दोन्ही बाजूंनी दाखवता आलं तेव्हाच मी कारण सापडलं असं म्हणालो.

उपाय ठरवताना भाच्याचं म्हणणं होतं की एसओसी व्होल्टेज थोडं आणखी वाढवू. मला ते मुळीच मान्य नव्हतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून १.१ चे १.२ व्होल्ट केले तरी भार सुमारे एकोणीस टक्के वाढतो, आणि तो सगळा त्याच उघड्या चिपांमधून जातो. त्यावर आणखी चढवणं म्हणजे मुळातल्या दुखण्यालाच खतपाणी. शिवाय या पिढीच्या प्रोसेसरना १.२ च्या पुढे रोजच्या वापरासाठी एसओसी व्होल्टेज देऊ नये असंच जाणकार सांगतात. आणि ओव्हरक्लॉकिंगमुळे नुकसान झालं तर ते कंपनीच्या वॉरंटीत बसत नाही, हेही पोरांना आधी कुणी सांगत नाही.

मग सोडायचं काय, रॅमचा वेग की ग्राफिक्सचा? इथे हिशेब केला. ऑनबोर्ड ग्राफिक्सची खरी टंचाई रॅमच्या रुंदीची, म्हणजे सेकंदाला किती माहिती ये-जा करू शकते त्याची, असते. दोन पट्ट्या लावून ३२०० वर सेकंदाला ५१.२ जीबी मिळतात, ३६०० वर ५७.६, ३८०० वर ६०.८. जीटीएक्स १६५० सारख्या साध्या कार्डालाही १२८ जीबी मिळत होते. म्हणजे ग्राफिक्सचा स्वतःचा वेग कितीही वाढवला तरी ते रॅमच्या तोंडाशी ताटकळत उभं असतं. २३०० वरून २१०० वर आलो तर कागदावर नऊ टक्के वेग जातो, पण गेममध्ये तेवढा तोटा दिसत नाही. आणि त्या दोनशे मेगाहर्ट्झसाठी लागणारं वाढीव व्होल्टेज मात्र पूर्णच्या पूर्ण वाचतं. (ज्यांनी एकच पट्टी लावलेली आहे, त्यांनी ओव्हरक्लॉकिंगचा विचार करण्याआधी तशीच दुसरी पट्टी घ्यावी. एका पट्टीवर रुंदी सरळ निम्मी होते, आणि तेवढा फायदा कुठल्याही सेटिंगने मिळत नाही.)

आम्ही ग्राफिक्स २१०० वर ठेवलं. रॅम ३८०० वरून तिच्या छापील ३६०० वर आणली, कारण वरचे पाच टक्के मिळवण्यासाठी रॅमला १.४ व्होल्ट द्यावे लागत होते आणि उन्हाळ्यात पट्ट्याही तापतात. एसओसी व्होल्टेज १.१ केलं आणि भाराखाली ते किती उतरतं ते पुन्हा पाहिलं. दोन-तीन शतांशांच्या पलीकडे हललं नाही. कॅबिनेटच्या छतात मागच्या कोपऱ्यात १२० मिलीमीटरच्या पंख्याची जागा रिकामी होती. तिथे पंखा लावताना हवा बाहेर फेकायची की आत घ्यायची यावर आमचं बोलणं झालं. वरचा पंखा हवा बाहेर टाकतो अशीच साधारण रीत. पण आम्हाला हवा त्या चिपांवरच हवी होती, म्हणून तो आत फुंकणारा लावला, त्यावर धुळीची जाळी घातली आणि मागचा पंखा बाहेर फेकणारा ठेवला. सोबत ॲल्युमिनियमचे छोटे चिकटवायचे हीटसिंक त्या उघड्या चिपांवर बसवले. ते चिकटवण्यापूर्वी चिपा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतल्या आणि हीटसिंकची कड शेजारच्या सोल्डरच्या कुठल्याही टाक्याला टेकत नाही हे टॉर्च मारून बघितलं. तिथे धातू टेकला तर बोर्डच जायचा.

झाकण लावून, दुपारी अडीच-तीनच्या उन्हात, खोलीतला एअर कूलर मुद्दाम बंद ठेवून तीच जोडचाचणी पुन्हा चालवली. चुका नाहीत. चाचणी संपल्या संपल्या झाकण काढून मोजलं तर चिपा ७३ वर. गेममध्ये भाच्याच्या नेहमीच्या ठिकाणी आधीपेक्षा दोन-तीन फ्रेम कमी दिसत होत्या, आणि त्याला स्वतःला त्या आकडा बघितल्याशिवाय कळल्या नाहीत.

एक काम उरलं होतं आणि ते मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. एप्रिलपासून या यंत्राची रॅम अधूनमधून चुकत होती. चूक चित्रात झाली तर गुलाबी चौकोन दिसतो आणि विसरला जातो. तीच चूक फाइल सेव्ह होताना झाली तर ती डिस्कवर जाऊन बसते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून आधी कमांड प्रॉम्प्टमधून एसएफसी स्कॅननाऊ चालवलं. विंडोजच्या काही फाइली खराब निघाल्या, त्या त्यानेच दुरुस्त केल्या. मग गेमच्या फाइली तपासायला लावल्या, तिथेही थोड्या पुन्हा उतरवाव्या लागल्या. शेवटी भाच्याची कॉलेजची कामं. एप्रिलपासूनच्या सगळ्या झिप फाइली सेव्हन-झिपमध्ये ‘टेस्ट’ करून पाहिल्या. दोन उघडल्याच नाहीत. एकीची प्रत त्याच्या मित्राकडे होती, दुसरी त्याने ईमेलने सरांना पाठवलेली होती, त्या मेलमधून परत काढली. फोटो आणि ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रामच्या फाइलींना अशी झटपट चाचणी नाही, त्या एकेक उघडून बघाव्या लागतात. ते काम मी त्याच्याकडे सोपवलं आणि तोवर त्या फोल्डरची जुनी, मार्चमधली बॅकअप प्रत पुसायची नाही असं बजावून निघालो.